ऊठ, अभ्यासाला बस

भोरहून इंद्रायणीचं पोतं आलं होतं. हा तांदूळ पाकिटातल्यासारखा चकचकीत नसतो. गिरणीतून थेट येतो, त्यामुळे त्यात कणी असते, तूस असतं, न सडलेली साळ असते आणि चारदोन खडे तर असतातच. रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी परात घेऊन गॅलरीच्या दारात बसले, कारण तिथे ऊन येतं आणि उन्हात खडा लगेच दिसतो. दुसरीतला धाकटा मुलगा न बोलावता शेजारी येऊन बसला. आधी नुसती बोटं फिरवत होता. मग त्यानं जुनं वर्तमानपत्र आणलं आणि स्वतःचे ढीग लावायला सुरुवात केली. अख्खे दाणे एकीकडे, तुकडे दुसरीकडे, साळ तिसरीकडे, खडे चौथीकडे. अर्धा-पाऊण तास झाला असेल. एरवी दहा मिनिटांत तीनदा पाणी प्यायला उठणारा मुलगा मान वर करायला तयार नव्हता. कागदाच्या कोपऱ्यात त्याचा पाचवा, अगदी छोटा ढीग होता. त्यात एक लालसर दाणा, एक गवताचं बी, अर्धं टरफल निघालेली साळ आणि काहीतरी काळं, बारीक. मी विचारलं, हे कसले? तो म्हणाला, "यांचं अजून ठरलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. शाळेच्या ग्रुपवर आठवण आली होती की 'वर्गीकरण' या घटकाची कार्यपत्रिका उद्या पूर्ण करून आणायची आहे. मी मुलाला म्हणाले, "ऊठ, अभ्यासाला बस. तांदूळ मी निवडते."

तो उठला. हाताचा पांढरा कोंडा चड्डीला पुसला आणि टेबलापाशी गेला. कार्यपत्रिकेवर चार चित्रं होती. आंबा, संत्रं, केळं, वांगं. 'वेगळे ओळखा व गोल करा.' त्यानं केळ्याभोवती गोल केला. मी खोडरबरानं तो खोडला, म्हणाले, "अरे, वांगं. बाकीची फळं आहेत ना?" त्यानं मुकाट्यानं वांग्याला गोल केला. रात्री अंथरुणात पडल्यावर सहज विचारलं, केळं का रे केलं होतंस? तो झोपेतच म्हणाला, "त्यात बी नसते." आंब्यात कोय, संत्र्यात बिया, वांग्यात बिया. आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं पाहिलं तर वांगंही फळच. तो झोपून गेला. मी बराच वेळ जागी होते.

ही गोष्ट काही मोठी नाही. खोडरबरानं खोडलेला एक गोल. पण आठवडाभर ती मनातून जाईना, आणि मला टोचत होता तो खोडलेला गोल नव्हे, त्याच्या आधीचं माझं वाक्य. समोर वर्गीकरण चाललं होतं. खरे दाणे, खरा खडा, आणि ज्याचं ठरलं नाही त्याच्यासाठी वेगळा कोपरा राखण्याइतकी समज. तिथून मुलाला उठवून मी वर्गीकरण शिकायला पाठवलं. आणि ते करताना माझ्या मनात कणभरही शंका आली नाही. जीभ आपोआप वळली, जणू ते वाक्य माझं नव्हतंच.

ते माझं नव्हतंच.

ते माझ्या आईचं वाक्य आहे. साताऱ्यात दोन खोल्यांच्या घरात आम्ही वाढलो. आई स्वयंपाकघरात असली की मला तिथे घुटमळायला फार आवडे. पिठाचा वास, पोळपाटाचा ठकठक आवाज, फोडणीत मोहरी तडतडली की मागे सरकायचं आणि परत पुढे यायचं. मी कणकेचा गोळा मागायची, शेंगा सोलायला बसायची, आणि पाच मिनिटांत आईचा आवाज यायचा, "ऊठ, अभ्यासाला बस." कधी रागानं नाही. एखादी जड वस्तू हातातून काढून घ्यावी तसं ती माझ्या हातातून शेंगा काढून घ्यायची. शेजारच्या बायका म्हणत, पोरीच्या जातीला काहीतरी येऊ द्या की. आई हसायची आणि मला टेबलाकडे ढकलायची. बारावी होईपर्यंत मला भाकरी थापता येत नव्हती आणि आईला त्याचा उघड अभिमान होता.

तो अभिमान कुठून आला हे मला फार उशिरा कळलं. आई माण तालुक्यातली. चौथी झाली तेव्हा ती दहा वर्षांची होती, साल १९६७. पाठोपाठ दोन लहान भाऊ, शेतात आजी-आजोबा दोघंही, आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात. एक दिवस ती उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसली असताना माझी आजी म्हणाली, "ठेव ते. ऊठ, कामाला लाग." ते पुस्तक आईनं फळीवर ठेवलं ते परत उघडलं नाही. हे सांगताना ती कुणाला दोष देत नाही. आजीचंही खरंच होतं म्हणते. पण माझ्या जन्मानंतर तिनं एकच केलं, आपल्या आईचं वाक्य उलटं फिरवलं. तिच्या कानांनी जे ऐकलं होतं त्याच्या अगदी विरुद्ध वाक्य तिनं मला रोज ऐकवलं. त्या वाक्यावर मी शिकले, नोकरीला लागले, पुण्याकडे आले. चिंचवडच्या या घराच्या हप्त्यातसुद्धा त्या वाक्याचा वाटा आहे. मग त्याच वाक्यानं माझ्या मुलाला परातीवरून उठवलं तेव्हा मला इतकं का खुपावं?

चार यत्तांचं शिक्षण म्हणजे किती, असं आता वाटतं. पण १९७२च्या दुष्काळात माणमधली माणसं खडी फोडायला गेली तेव्हा आईही गेली, पंधरा वर्षांची. मिलो ज्वारीची भाकरी, सुकडी, डोक्यावर ऊन. आठवड्याच्या पगाराला मुकादम हजेरी वाचायचा. एकदा त्यानं आजीच्या नावावर दोन खाडे वाचले. आईनं पुढे होऊन सांगितलं की एकही खाडा नाही. घरी चुलीमागच्या भिंतीवर ती रोज कोळशानं रेघ ओढत होती, पाचवी रेघ आडवी. तिनं हजेरीचा कागद मागितला, बोट ठेवून वाचला आणि चूक दाखवली. दोन दिवसांचे पैसे मिळाले. आजी आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिली, "माझ्या लेकीनं कागद वाचला" म्हणून. जिनं पुस्तक फळीवर ठेवायला लावलं तीच. हे दोन्ही एकाच माणसात होतं आणि त्याचा मेळ मी अजून लावू शकलेली नाही.

कारण ही आजी माझी पहिली गणिताची बाई होती. तिला सही येत नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलं की माझं काम ठरलेलं असे, तिच्या बरोबर धान्य मोजायचं. कणगीतून जोंधळे काढले की खोलीभर धुळीचा गोडसर, नाकात चुरचुरणारा वास भरायचा. देशात मेट्रिक मापं येऊन तीस वर्षं झाली होती, पण आजीच्या घरात कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली हीच भाषा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. प्रत्येक पायरीवर दुप्पट, किंवा उलट आलं तर निम्मं. एकदा तिनं मला चिपटं दिलं आणि म्हणाली, पायली भर बघू, किती लागतात? सोळा लागायला हवी होती. माझी अठरा लागली. मी रडकुंडीला आले, परत मोजलं, परत अठरा. आजीनं चिपटं माझ्या हातातून घेतलं, भरलं, वर दाण्याचं टोक होऊ दिलं आणि म्हणाली, "तुझी शीग सांडतीया, पोरी." मी काठोकाठ भरून हात फिरवत होते, ती शीग लावून भरत होती. लहान मापाला शिगेचा वाटा मोठा, हे मला तिथे कळलं. मोजण्यात चूक कुठून येते, हा धडा पुढे शाळेत कुणी दिला तेव्हा मला तो जोंधळ्याच्या वासासकट आठवला.

आणि मोजताना ती 'एक' म्हणत नसे. पहिलं माप पडलं की "लाभ" म्हणायची. लाभ, मग दोन, मग तीन. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, दाणं घरात येत्यात, त्याला एक कसं म्हणायचं? लाभच म्हणायचं.

माझ्या मुलाला दीड कळतो, कारण रिक्षावाले रात्री दीड पट भाडं मागतात असं त्यानं ऐकलंय. पाऊण आणि सव्वा यांत मात्र तो अडखळतो. आपल्या भाषेत पावाचं, पाऊणचं, सव्वाचं, अडीचचं, औटाचं म्हणजे साडेतीनाचं स्वतंत्र घर होतं. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून घेत. पाठांतराचा तो जाच मला परत नको आहे. आईच्या बोलण्यात त्याबरोबर येणारी छडीही नको. पण पाऊण वाटी डाळ म्हटल्यावर हाताला जी उंची कळते, ती पाठांतरातून आलेली नव्हती, वाटीतून आली होती. गेल्या महिन्यात मी धिरडी करत होते. त्याला म्हटलं, पाऊण वाटी बेसन दे. त्यानं विचारलं, पाऊण म्हणजे भरून का अर्धी? मी म्हटलं, तूच बघ, अर्धी भर आणि मग अर्ध्याची अर्धी. त्यानं तीनदा पीठ ओतलं, ओट्यावर सांडलं, चौथ्यांदा वाटी उन्हाकडे धरून डोळा बारीक केला आणि म्हणाला, "आता पाऊण." त्या डोळा बारीक करण्यात मला आजी दिसली.

त्याच सुमारास तो मोजता मोजता एका जागी थांबला होता. साळीचे दाणे मोजत होता. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. म्हणाला, "आई, एकोण म्हणजे एक कमी ना?" मी हो म्हटलं. मग त्यानं बोटांवर खात्री केली. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. आणि मग, "मग शंभराच्या आधी एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला २०१९ साल आठवलं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. लिहिताना आधी दशक, बोलताना आधी एकक, वर जोडाक्षरांची गर्दी, यात पोरं गणितापासून दूर पळतात. मी तेव्हा आवेशानं विरोध केला होता, भाषा गेली म्हणून. आता मला वाटतं, त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघत होत्या आणि मी माझ्या आठवणींकडे. तरीही, नव्व्याण्णवपाशी थबकलेला माझा मुलगा पाहून असंही वाटतं की शब्दातली ही गाठ काढून टाकली असती तर हा प्रश्न त्याला पडला नसता. दोन्ही वाटणं एकाच वेळी खरी आहेत. मी ती तशीच ठेवली आहेत, त्याच्या पाचव्या ढिगासारखी.

शाळेला बोल लावायला मन होत नाही. पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, दप्तर दीड किलोच्या वर नसावं, असं केंद्रानं २०१८च्या नोव्हेंबरात कळवलं. त्यामुळे आमच्या डायरीत 'गृहपाठ' हा शब्दच नाही. 'घरी करावयाची कृती' असा शब्द आहे. शब्द चांगला आहे. वर्गात पन्नास मुलं असलेल्या बाईंनी प्रत्येकाच्या घरी कोणती परात आहे हे कसं ओळखायचं? त्या चार चित्रांचा कागद पाठवतात. तो कागद म्हणजे घराकडे बोट दाखवणारी खूण असायला हवी होती. आम्ही पालक ती खूणच भरून परत पाठवतो. आंबा, संत्रं, केळं, वांगं ही चारही त्या दिवशी आमच्या टोपलीत होती. मी ती काढून त्याच्यासमोर ठेवली असती, सुरी घेऊन एकेक कापली असती, तर केळ्याचा गोल खोडायची वेळच आली नसती. केळ्याच्या मधोमध ते काळे बारीक ठिपके असतात, त्यावर आमचं भांडणही झालं असतं. छान भांडण झालं असतं.

थोरली मुलगी दुसरीत होती तेव्हा शाळाच बंद झाली. २०२०चा तो उन्हाळा आणि पावसाळा. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून मुलांसाठी धडे लागायचे. त्यात घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करायला सांगत. सोलापुरात नीलमनगरच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवलेत, हे मी बातमीत वाचलं होतं, ज्यांच्याकडे फोन नाही त्या मुलांसाठी. आमच्याकडे फोन होता, पण तो माझ्या कामात अडकलेला. एका सकाळी तिनं गॅलरीच्या गजाची सावली फरशीवर खडूनं आखली आणि बाजूला 'नऊ' लिहिलं. मग दहा. मग अकरा. आठ दिवस मी ती फरशी पुसली नाही. शेवटी ती घड्याळ न बघता सांगायची, "सावली कुंडीपाशी आली, आता तुझी मीटिंग संपेल." मीटिंग संपायची नाही, पण वेळ बरोबर असायची. पुढे दिवाळीच्या सुमारास ती एकदा गोंधळून आली. तीच वेळ, पण सावली कुंडीच्या पार पुढे गेलेली. सूर्य दक्षिणेला सरकतो हे तिला मी सांगितलं नाही, मला तेव्हा वेळ नव्हता. तिनं ते दोन वर्षांनी भूगोलात वाचलं आणि ओरडत आली, "आई, कुंडी!"

मला वेळ नव्हता, या तीन शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा येते. मुलाच्या शेजारी बसून वांगं कापायला लागतो तो वेळ. तो कुणाकडे असतो?

२०२२च्या मे महिन्यात आजोळी गेले होते. मामेभावाची धाकटी त्या वर्षी पहिलीत जाणार होती. दोन वर्षं अंगणवाडी बंद, त्यामुळे मुलांना पेन्सिल धरायची सवय नाही, चार मुलांत बसायची सवय नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत 'पहिले पाऊल' नावाचा शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला होता आणि नंतर गल्लीगल्लीतल्या आयांचे गट केले होते. दर आठवड्याला काय करायचं त्याचं एक कार्ड यायचं. आयडिया कार्ड असंच सगळ्या म्हणत. वहिनी तिच्या गटाची लीडर माता होती. संध्याकाळी मारुतीच्या पारावर सात-आठ बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या, मीही जाऊन बसले. पाराच्या दगडाला दिवसभराची ऊब होती. कुणी पिंपळाची पानं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडत होतं, कुणी खडूनं आखलेल्या रेघेवरून उड्या मारत होतं. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, पहिल्यांदा लई लाज वाटली. मी सातवीतनं शाळा सोडलेली, मी काय शिकवणार? मग कार्ड बघितलं तर त्यात भाजी निवडायची होती. म्हटलं, मेथी तर मला येतीच की."

मी तिच्या ओसरीत ती मेथी निवडताना पाहिली. पोरगी समोर बसलेली. वहिनी निवडताना हळूच विचारायची, कुठलं पान सगळ्यात मोठं गं? ह्या जुडीत काड्या जास्त का त्या? हे देठ का टाकायचं, चावून बघ बरं. पोरीनं चावून बघितलं, तोंड वाकडं केलं, "सुतळी लागतीया" म्हणाली. मध्येच तिचा जीव उबगला तर ती उठून वासराकडे पळाली आणि कुणी तिला हाक मारली नाही. माझ्या आईच्या बालपणातल्या मेथीत आणि या मेथीत फरक तेवढाच होता. आई उठून जाऊ शकत नव्हती. आणि आईला कुणी काही विचारत नव्हतं. आजीनं मला चिपटं दिलं तेव्हा मी सुट्टीला आलेली नात होते, शीग सांडली तर हसून दाखवायची. आईच्या हातून सांडली असती तर पाठीत धपाटा होता, कारण तिच्या मोजण्यावर घरचं काम अडलेलं होतं. घरातली कामं शिकवतात, असं मी आता फार सहज म्हणते. ज्यांना त्या कामांनी शाळेतून उठवलं त्यांच्यासमोर हे म्हणताना जीभ जड होते.

अशा वेळी मला अनुताई वाघ आठवतात. बालपणीच लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य. पुस्तकासाठी त्यांना किती झगडावं लागलं असेल! त्या बाईंनी शिकून पुढे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि मग कोसबाडला आयुष्य घातलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण कुणाला गुरं राखायची, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं. ताराबाई-अनुताईंनी मुलांना कामावरून उठवलं नाही. त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरं जिथे चरत तिथे कुरणशाळा भरवली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर केलं, म्हणजे बहिणीच्या कडेवरचं बाळ उतरेल आणि तिचे हात मोकळे होतील. साधनं म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे. जिला लहानपणी पुस्तक सहज मिळालं नाही, तिनंच मुलांच्या हातात आधी शिंपले दिले. मी पूर्वी हे वाचलं तेव्हा त्यात गरिबीतली काटकसर दिसली होती. आता मला ते पाळणाघर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी बाळ उतरवून घ्यायचं, मग शिंपला द्यायचा.

दिवाळीनंतर आई राहायला आली. नवं भात निघालं होतं, पोतं पुन्हा आलेलं. मी परात काढली आणि मुलाला हाक मारली. आईच्या कपाळावर आठी उमटलेली मला दिसली. "अगं, त्याचा अभ्यास असेल ना," ती म्हणाली, आणि हात नकळत परातीकडे गेला, त्याच्या हातातून काढून घ्यायला. मी म्हटलं, "बसू दे, आई. तूही बस." ती लगेच बसली नाही. पदर खोचला, गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच सारखे केले, परत आली. मग माझ्या टेबलाकडे गेली. तिथे आजीचं मापटं आहे. आजी गेल्यावर मी ते आणलं होतं, त्यात पेनं ठेवते. आईनं सगळी पेनं काढून टेबलावर ओळीनं मांडली, मापटं पदरानं आतून पुसलं आणि ते घेऊन गुडघ्यावर हात टेकत खाली बसली.

निवडलेला तांदूळ डब्यात भरायचा होता. किती मापटी मावतात ते मुलगा वहीत लिहिणार होता. आईनं मापटं भरलं, वर शीग लावली, अजून हात तसाच थरथर न होता चालतो, आणि डब्यात रिकामं करताना म्हणाली, "लाभ."

"लाभ म्हणजे किती?"

"एकच रे. पण लाभ म्हणायचं."

त्यानं मान डोलावली आणि जीभ बाहेर काढून वहीत लिहिलं, 'लाब'. आई वाकली. चष्मा आत होता, तिनं वही हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरली. मग परातीतला तांदूळ तळहातानं सपाट केला. तिच्या लग्नात तिचं नवं नाव अंगठीनं असंच तांदळात लिहिलं होतं, आणि मांडवात ते वाचता येणारी ती एकटीच नवरी होती असं ती सांगते. तिनं तर्जनी टेकवली आणि सावकाश, चौथीतल्या वळणाचा, मोठा भ काढला.

"हा भ," ती म्हणाली. "लाभातला."

मुलानं वहीतला ब खोडला नाही. त्याच्याखाली नवा शब्द लिहिला. आई दुसरं मापटं भरत होती.